कोणत्या भाषेतलं अपयश?

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी तिसरी-चौथीतल्या मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आले. आठ ते अकरा वर्षांच्या या मुलांपैकी १५.१७ टक्के मुलांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आढळली. लिहिण्याची अडचण १२.५ टक्क्यांना, वाचण्याची ११.२ टक्क्यांना, आकडेमोडीची १०.५ टक्क्यांना. या आकड्यांची बेरीज पाहिली की कळतं, यातल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला एकाहून जास्त अडचणी आल्या होत्या. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अध्ययन अक्षमता असलेली सहा मुलं.

मला त्या आकड्याइतकीच त्यामागची रीत मोलाची वाटते. आधी अभ्यासात मागे पडणारी मुलं निवडली. मग नजर, कान, जुनाट आजार, बुद्ध्यांक अशा एकेका कारणाची शहानिशा करत ती कारणं असलेली मुलं बाजूला काढली आणि उरलेल्यांनाच वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या दिल्या. घरात आणि शाळेत आपण नेमकं उलटं करतो. पोरगं मागं पडलं की आधी ‘आळशी’, मग ‘ढ’, आणि फारच चुळबुळ करत असेल तर ‘वांड’ ठरतं. कारण शोधायचं राहूनच जातं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागापुरता मात्र या चाळणीत आणखी एक थर हवा, असं मी आग्रहानं म्हणेन. मुलाच्या भाषेचा.

निपाणीत बिड्या वळणाऱ्या घरातलं मूल डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी, तीही कागल-कोल्हापूरच्या वळणाची. मराठी शाळेत घातलं तर पुस्तकी मराठी, सोबत कन्नड आणि इंग्रजी. कन्नड शाळेत घातलं तर गणितसुद्धा कन्नडमधून. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं २०१७-१८ पासून सर्व शाळांत कन्नड टप्प्याटप्प्यानं सक्तीची केली. आई दिवसभर बिड्यांचा आकडा पुरा करते. मुलाच्या कन्नड वहीत काय लिहिलंय हे तिला वाचता येत नाही. भाषेचं हे ओझं न्याय्य की अन्याय्य, हा वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालू आहे आणि त्यात माझीही बाजू आहे. पण त्या वादात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: मुलाला येत नाही असं आपण म्हणतो, ते कोणत्या भाषेत येत नाही?

लिपींकडेच बघा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली उतरतं, पण स्वराची खूण वरच्या व्यंजनालाच लागते. प्रत्येक लिपीत डोळ्यांचा क्रम आणि कानाचा क्रम वेगवेगळ्या ठिकाणी मोडतो. बेंगळुरूच्या प्रॉमिस फाउंडेशनमधल्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर २००७ साली शोधनिबंध लिहिला. अक्षरांचा सगळा संच पक्का व्हायला प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षं जातात, असं त्यात दिसलं. मग ज्याच्या कानावर कन्नड फक्त वर्गातच पडते, ते मूल तिसरीत अडखळलं तर त्यात आजार कुठला? अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ ची निदानपुस्तिकाही बजावते, की शिकवण्याच्या भाषेवर पुरेसा हात नसल्यामुळे आलेलं अपयश अध्ययन अक्षमतेत धरू नये.

पण ‘घरी मराठी, म्हणून कन्नड येत नाही’ एवढ्यावर थांबणंही तितकंच घातक. एराल्डो पाउलेसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘सायन्स’मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सिक, म्हणजे वाचनाची अडचण असलेल्या, प्रौढांची तुलना मांडली. इटालियन जवळजवळ लिहिल्याप्रमाणेच उच्चारली जाते, म्हणून ते वाचक कमी चुकले. पण वाचताना तिन्ही भाषांच्या वाचकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा एकच भाग मंद चालत होता. अडचण मेंदूत असेल तर ती भाषा बदलल्यानं जात नाही, फक्त तिचा चेहरा बदलतो. मराठीतून हळू, दमत, ओळी गाळत वाचणारं मूल कन्नडमध्येही अडणारच. ज्याला मराठी सुरळीत येते आणि फक्त कन्नड अडते, त्याला उपचार नकोत, चांगली शिकवणी हवी. दोघांच्या प्रगतिपुस्तकात गुण मात्र सारखेच दिसतात.

हा फरक ओळखायला दोन्ही भाषांत तपासणी हवी, आणि तिचं साधन हाताशी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटानं तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये आला, तो हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. जणू बेळगाव जिल्ह्यासाठीच केला असावा.

लक्ष न लागण्याचं प्रकरण याहून नाजूक. अवधान-न्यूनतेच्या (एडीएचडी) निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त वर्गात दिसून चालत नाही. कळत नसलेल्या भाषेच्या तासाला कुठलंही मूल खिडकीबाहेर बघतं. मोठ्यांची नजर किती फसते याचा पुरावा कॅनडातून आला. ब्रिटिश कोलंबियात ३१ डिसेंबर ही प्रवेशाच्या वयाची सीमा. २०१२ च्या अभ्यासात तिथे जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी, मुलींना ७० टक्क्यांनी जास्त होतं. वर्गातलं सर्वांत लहान मूल, एवढाच बऱ्याच जणांचा दोष. आणि मुळातच शांत, स्वतःत हरवलेली मुलगी? ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

महाराष्ट्रानं १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, एक भाषा सोडण्याची मुभा दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं देशभर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. अवधान-न्यूनतेचा त्या २१ प्रकारांत वेगळा उल्लेख नाही, ही मोठी उणीव. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून द्यायचं ठरवलं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली. आठवं वर्ष म्हणजे तिसरी. तोवर वर्गशिक्षिकेनं एकच काम करावं: मूल मराठीचा आणि कन्नडचा एकेक उतारा कसा वाचतं, घरी कोणती भाषा बोलतं आणि कन्नड कधीपासून ऐकतं, हे तारखेनिशी लिहून ठेवावं. तो कागद मुलाबरोबर तपासणीला जाऊ द्या, आणि तपासणाऱ्यांनी पहिला प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारावा.