आणि उद्या?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या हातात बुटांचा खोका होता. खोक्यात मांजरीचे दोनेक महिन्यांचे पिल्लू होते. डोळे चिपडांनी चिकटलेले, पोट खपाटीला गेलेले. ग्रोटोच्या मागे त्याला ते सापडले होते. "फादर, हिचं नाव मी चिंगी ठेवलंय. पण मम्मी म्हणते, भाटी आहे, घरात नको. मोठी झाली की पिल्लं घालत बसेल. हिचं काय करू?"

मिस्सानंतर कोणी ना कोणी भेटायला थांबलेले असते. मी घाईत होतो. म्हणालो, "बाळ, तिला थोडं दूध पाज आणि होती तिथं ठेव." तो हलला नाही. खोका छातीशी धरून त्याने विचारले, "आणि उद्या?"

प्रियजनहो, त्या प्रश्नाने मला गप्प केले. कारण मी स्वतः दोन वर्षे आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी एका मांजरीला दूध घालत होतो. आपण दया करीत आहोत असे मला वाटत होते. त्या दोन वर्षांत तिला चार वेळा पिल्ले झाली. काही पावसात गारठून मेली. एक रिक्षाखाली आले. शेवटच्या वेळची तीन पिल्ले कोणीतरी पोत्यात भरून खाडीकडे नेली, असे मला नंतर कळले. नेणाऱ्याला मी मनात दोष दिला. पण दूध घालणारा मीच होतो, आणि उद्याचा विचार मीही केला नव्हता.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला त्याने तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो. पण प्रभू येशू थांबत नाही. दुसऱ्या दिवशी त्या शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, याची काळजी घे असे सांगितले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देण्याचे वचन दिले. त्याच्या दयेला दुसरा दिवस होता. जी दया आजच्या संध्याकाळी संपते, ती पुष्कळदा आपल्याच मनाचे समाधान करते.

आता मांजरीच्या बाबतीत दुसरा दिवस म्हणजे काय, ते पाहू. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत ती विते. एका वेळी तीन-चार पिल्ले होतात आणि वर्षातून दोन-तीन वेळा हे घडू शकते. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. रस्त्यावर जन्मलेल्या या पिल्लांपैकी पुष्कळशी मोठी होतच नाहीत. म्हणून नुसते दूध घालणे ही अर्धी दया आहे. उरलेली अर्धी दया म्हणजे तिचे निर्बीजीकरण, ज्याला आपण सरळ 'ऑपरेशन' म्हणतो. बोक्याचेही ते करता येते. त्यानंतर तो कमी भटकतो, कमी भांडतो आणि रात्रीचे त्याचे ओरडणेही कमी होते.

यावर एका मातेने मला प्रामाणिकपणे विचारले, "फादर, माणसांच्या अशा ऑपरेशनला ख्रिस्तसभा नाही म्हणते. मग मांजरीचं केलं तर पाप नाही का?" प्रश्न योग्य आहे. ख्रिस्तसभेची ती शिकवण देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या माणसाविषयी आणि विवाह संस्कारातील स्त्री-पुरुषांच्या प्रेमाविषयी आहे. पती-पत्नी विचारपूर्वक परस्परांना स्वीकारतात, लेकरांना देवाची देणगी म्हणून वाढवतात. मांजरीला ना शपथ आहे, ना संस्कार. प्राणी देवाचेच आहेत, पण त्यांची निगा त्याने माणसाच्या हाती सोपवली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की प्राण्यांशी दयेने वागणे आपले कर्तव्य आहे आणि त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. भूल देऊन, जाणत्या डॉक्टरांच्या हातून केलेले ऑपरेशन ही विनाकारण यातना नव्हे. ते पुढच्या यातना टाळते. पोत्यात भरून खाडीवर सोडणे, ही मात्र यातना आहे. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

दुसरे कोणी म्हणेल, "माणसं उपाशी असताना फादर मांजरांवर प्रवचन देतात!" तोच धर्मशिक्षण ग्रंथ याचेही भान देतो. गरजू माणसांच्या हक्काचा पैसा प्राण्यांवर उधळू नये. आजारी शेजाऱ्याकडे न फिरकता मांजरीचे लाड करणे हे ख्रिस्ती जीवन नव्हे. परंतु दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात एक इशारा दिला आहे. मुक्या जिवांशी निष्ठुरपणे वागणारे मन आज ना उद्या माणसांशीही तसेच वागू लागते. पोते बांधताना एखादे मूल पाहत असेल, तर ते आपल्याकडून काय शिकते?

संत मार्टिन द पोरेस यांचे उदाहरण पाहा. पेरू देशातील लिमा शहरात १५७९ साली जन्मलेले हे डॉमिनिकन ब्रदर. रोग्यांची आणि गरिबांची सेवा हेच त्यांचे जीवन होते. तरीही आजारी कुत्र्या-मांजरांसाठी त्यांनी आपल्या बहिणीच्या घरी आसरा केला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. माणसांवरचे प्रेम त्यामुळे उणे झाले नाही.

मग आपण काय करावे? पिल्लू दिसले की लगेच उचलू नका. आई जवळपास असू शकते, लांबून वाट पाहा. आई नसेल आणि पिल्लू गारठलेले असेल तर आधी ऊब द्या, मग अन्न. गाईचे दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, हगवण लागते. अगदी लहान पिल्लांसाठी कोणते दूध द्यावे, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. खाऊ लागलेल्यांना मीठ-मसाला न घातलेले शिजवलेले मासे काटे काढून द्या. आपली तापाची गोळी मांजरीला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल त्यांच्यासाठी विष आहे. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखान्यात जा. रेबीजची लस टाळू नका. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑपरेशन करून घ्या आणि जखम भरेपर्यंत, साधारण दहा दिवस, घरात ठेवा. भटक्या मांजरीच्या डाव्या कानाचे टोक भूल असतानाच किंचित कापतात. तिचे ऑपरेशन झाले आहे, ही त्याची खूण. खर्च एका घराला जड जात असेल, तर लहान ख्रिस्ती समूहातील चार घरांनी वाटून घ्यावा.

चिंगीचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्या मुलाच्या मम्मीला मी भेटलो. ऑपरेशन होणार असेल तर माझी हरकत नाही, असे ती माउली म्हणाली. मुलाने खाऊचे पैसे दिले, उरलेले मी दिले. पिल्लांचा माग काढायला मी उशीर केला होता, म्हणून माझ्या दारच्या मांजरीलाही त्याच दिवशी नेले. आज दोघींच्या कानाचे टोक कापलेले आहे. चिंगी त्यांच्या ओट्यावर असते आणि उंदीर फिरकत नाहीत, असे मम्मीच कौतुकाने सांगते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने सर्व प्राणी आदामाकडे आणले आणि आदामाने त्यांना नावे दिली. ज्याला आपण नाव देतो, त्याची जबाबदारी आपल्यावर येते. हे त्या पाचवीतल्या मुलाला माझ्याआधी कळले होते.

या आठवड्यात आपल्या दारी येणाऱ्या जिवाकडे पाहताना आणि आपल्या मदतीची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहतानाही, स्वतःला तोच प्रश्न विचारू या : आणि उद्या?

हे प्रभो, आमची दया एका वाटीवर संपू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी परत येण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.