पोटभाडेकरूचा शब्द

मराठीत एखाद्या शब्दाच्या आधी ‘पोट’ लागलं की त्याची पत एका पायरीनं खाली येते. नियमापेक्षा पोटनियम लहान, माळ्यापेक्षा पोटमाळा लहान. त्रास मात्र उलट्या प्रमाणात वाढतो. निवडणुकीपेक्षा पोटनिवडणूक जास्त ईर्ष्येची, आणि पोटमाळ्यावर डोकं आपटलं नाही असा मध्यमवर्गीय माणूस अजून जन्माला यायचा आहे. पोटभाडेकरू हा याच कुळातला.

माझी अकरा महिन्यांसाठी जळगावहून धुळ्याला बदली झाली. खरं म्हणजे १९०६ पर्यंत हा सगळा एकच खानदेश जिल्हा होता आणि कचेरी धुळ्याला होती. इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. केले नसते तरी एरंडोल-पारोळ्यावरून रोज नव्वदेक किलोमीटर जाऊन यायचं माझ्याच्यानं झालं नसतं. धुळ्याला खोली घेणं भाग होतं, आणि जळगावची जागा सोडवत नव्हती. आमचे घरमालक आप्पा म्हणजे देवमाणूस. त्यांनी मला पोटभाडेकरू ठेवायला लेखी परवानगी दिली. “पण कायद्यानं करा बरं का,” एवढंच म्हणाले.

कायदा म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, हे त्याचं एक कलम. दुसरं असं, की भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी जागा देणाऱ्याची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धुळ्याच्या तुरुंगाचं मला तसं भय नाही. १९३२ साली तिथंच विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पण माझ्याजवळ सांगायला गीता नाही, आणि उतरून घ्यायला साने गुरुजी कुठून आणायचे? तेव्हा नोंदणीची तारीख घेतली.

पोटभाडेकरू मिळाला तो शिरपूरकडचा एक तरुण, खाजगी नोकरीतला. भाडं नऊ हजार, डिपॉझिट अठरा. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, पैसे जमा झाले. १ मेपासून तो राहायला येणार, सोमवारी नोंदणी. करारात एक वाक्य टाईप करणाऱ्यानं स्वतःच्या अनुभवानं घातलं होतं: ‘लिहून घेणार यांनी माघार घेतल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त होईल.’ मुलानं ते वाचलं, मान डोलावली आणि झोकात सही ठोकली.

शनिवारी संध्याकाळी तो दारात. चपला काढून उभा, पण आत येईना.

“काका, मन्हा नाइलाज शे.” मग एकदम शुद्धावर येऊन, “मला जमणार नाही.”

“का हो? वडील वगैरे बरे आहेत ना?”

“ठणठणीत आहेत. खोटं कशाला बोलू काका? दुसरी खोली मिळाली. दीड हजारानं कमी आहे. आणि खिडकीला कूलर बसतो.”

जळगावचा मे महिना ज्यानं काढलेला नाही त्याला या शेवटच्या वाक्याचं वजन कळणार नाही. पण त्या क्षणी मला मात्र ते कळून घ्यायचं नव्हतं. दोन घरांची भाडी माझ्या डोळ्यांपुढं नाचत होती. मी म्हटलं, “सही केलीत ना?” तो म्हणाला, “हो.” मी म्हटलं, “वाचून केलीत ना?” तो म्हणाला, “हो.” इतक्या सरळ उत्तरांवर भांडण उभं राहत नाही. तो गेला.

पुढले दोन दिवस गल्लीनं मला सल्ला दिला. बहुतेकांचं मत, अठराच्या अठरा ठेवा. पण त्यातले निम्मे पुढं म्हणत, “बावळट आहे पोरगा. वडील आजारी आहेत म्हणायचं! तुम्ही सोडले नसते का पैसे?”

सोडले असते. तिथंच तर घोळ होता. हा मुलगा हात जोडून म्हणाला असता, ‘वडिलांना दवाखान्यात टाकलंय,’ तर मी अठरा हजार परत करून वर प्रवासखर्चाचं विचारलं असतं. म्हणजे एका चांगल्या खोट्याला माझ्याकडे अठरा हजारांची सूट होती आणि खऱ्याला जप्ती. सौ.ला हे बोललो तर ती म्हणाली, “मग खरं बोलला म्हणून सोडा थोडे.”

“अगं, खरं बोलण्याचाही दर लावायचा?”

“खोट्याला सोडत होतात तेव्हा दर नव्हता वाटतं?”

शब्द पाळणं म्हटलं की आपल्याला हरिश्चंद्र आठवतो. स्वप्नात दिलेलं राज्य त्यानं जागेपणी देऊन टाकलं. ना स्टँपपेपर, ना साक्षीदार. पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. राज्य घेऊन वर दक्षिणेचा तगादा लावणारा. मुलाचं नाव हरिश्चंद्र ठेवणारे मला भेटले आहेत, विश्वामित्र ठेवणारा अजून भेटायचा आहे. आणि या व्यवहारात माझ्या वाट्याला आलेली खुर्ची विश्वामित्राची होती. दुसऱ्यानं शब्द किती पाळावा हे सांगायला ही खुर्ची फार सोयीची असते.

आपल्याकडे आखाजीला सालदार ठरवायची रीत आहे. या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत शब्द. मालक आगाऊ उचल देतो, गडी वर्षभर राबतो. सालदार मध्येच निघून गेला तर पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचं काय होतं हे मी आजोळी पाहिलेलं आहे, म्हणून शब्द मोडण्याला मी हलकं समजत नाही. पण उचल फिटली नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं बांधलेला राहायचा, हेही याच देशात घडत होतं. १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्यानं तो गुन्हा ठरला. शब्द दिला खरा, पण त्याची वसुली कुठवर करायची याला शीव असते.

माझा एक वकील मित्र आहे. त्याला मी ते जप्तीचं वाक्य अभिमानानं दाखवलं. तो म्हणाला, “हे वाक्य म्हणजे कमाल मर्यादा. भाव नव्हे.” १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम असं की, दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. १९६३ साली दिल्लीतल्या एका बंगल्याच्या सौद्यात सर्वोच्च न्यायालयानं विकणाऱ्याला बयाण्याचे एक हजार ठेवू दिले. वरचे चोवीस हजार करारात लिहिलंय म्हणून जप्त करू दिले नाहीत. आणि ७३ व्या कलमाखालचं स्पष्टीकरण तर माझ्या मुळावरच आलं. नुकसान मोजताना, ते टाळायला तुमच्या हाताशी काय उपाय होते तेही धरायचे. म्हणजे आरामखुर्चीत बसून रिकाम्या जागेचे दिवस मोजायची सोय नाही. दुसरा पोटभाडेकरू शोधायचा.

“आणि कारण?” मी विचारलं. “वडील आजारी की कूलर, याचा काही फरक?”

“नुकसान तेवढंच ना?” तो म्हणाला.

कायद्याला हृदय नसतं असं आपण म्हणतो. इथं ते नव्हतं म्हणूनच खरं बोलणारा वाचत होता. वडील खरोखर आजारी असते तर मी माझ्या पदरचे सोडले असते, पण ती माझी खुशी. तिची किंमत कूलरवाल्याच्या डिपॉझिटमधून का कापायची?

सौ.नं भिशीत बातमी सोडली. १८ मे रोजी एक शिक्षिका आणि तिची आई राहायला आल्या. रिकामे दिवस सतरा, दिवसाला तीनशे, एकूण ५,१००. वाया गेलेला स्टँपपेपर, टायपिंग वगैरे ७००. उरलेले १२,२०० मी धुळ्याहून पाठवले आणि हिशेब एका कागदावर लिहून त्याचा फोटोही पाठवला. सौ.चं मत अजून कायम आहे की निदान ते सातशे सोडायला हवे होते. मी ते सोडलेले नाहीत.

रात्री त्याचा फोन आला.

“काका, पोचले. हिशेब बरोबर आहे. मला वाटलं होतं सगळे गेले.” मग थोडं थांबून, “एक सांगू? त्या खोलीत कूलर बसतो, पण त्यात टाकायला पाणीच येत नाही हो.”

मी हसलो नाही. म्हणजे, फोन ठेवेपर्यंत हसलो नाही.