पारा वर चढेपर्यंत थांब

चि. नातीस,


जतच्या कॉलेजातल्या तुझ्या प्रॅक्टिकलचं पत्र मिळालं. 100 ग्रॅम पाण्यात 6 ग्रॅम युरिया, म्हणजे गोठणबिंदू शून्याखाली सुमारे 1.86 अंश यायला हवा. तुझं रीडिंग त्याच्याही बरंच खाली गेलं आणि तू थर्मामीटरवर खापर फोडून मोकळी झालीस. त्या बिचाऱ्याचं काही चुकलेलं नाही. द्रावण गोठणबिंदूखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. बर्फाचा पहिला कण धरेपर्यंत पारा उतरतच राहतो. कण धरला की उष्णता बाहेर पडते नि पारा झपकन वर चढतो. तो वर टेकला की वाचायचं. रेंगाळायचं मात्र नाही. बर्फ होतो निव्वळ पाण्याचा, उरलेल्या द्रावणात युरियाचं प्रमाण वाढत जातं आणि पारा पुन्हा हळूहळू खाली येतो. शुद्ध पाण्याचं रीडिंगही त्याच थर्मामीटरने घे, आपल्याला फरकच हवा आहे. नळीभोवतीच्या बर्फात जाडं मीठ सढळ हाताने घाल आणि भांड्याला गोणपाट गुंडाळ, नाहीतर जतच्या दुपारी बर्फ तासभरही टिकायचा नाही.

आमच्या दूध संघाच्या लॅबमध्ये हेच काम क्रायोस्कोप करायचा. दूध साधारण उणे 0.54 अंशाला गोठतं. यंत्र ते मुद्दाम उणे 3 च्या आसपास नेतं, मग हादरा देऊन गोठवतं आणि वर चढलेला आकडा दाखवतं. दहा टक्के पाणी घातलेलं असेल तर तो उणे 0.49 च्या आसपास येतो. साय काढून वर पाणी घातलं तर लॅक्टोमीटर फसतो, क्रायोस्कोप नाही. स्निग्धांश विरघळलेला नसतोच, त्यामुळे त्याचा गोठणबिंदूवर परिणाम नाही.

पण यंत्र म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असंही मी कधी मानलं नाही. पाण्याबरोबर साखर किंवा मीठ घालणाऱ्याला ते पकडत नाही. उन्हाळ्यात तर लबाडीचीही गरज नसते. उमदी-संखच्या उन्हात दूध थोडं आंबलं, की लॅक्टोजच्या एका रेणूतून लॅक्टिक आम्लाचे चार रेणू होऊ लागतात, गोठणबिंदू आणखी उतरतो आणि घातलेलं पाणी लपून जातं. म्हणून आधी आम्लता तपासायची, मग क्रायोस्कोप.

पुढच्या तासाला मीठ आहे म्हणतेस, तर तेवढ्याच पाण्यात 5.85 ग्रॅम घे. घट युरियाच्या जवळजवळ दुप्पट का येते आणि पुरती दुप्पट का येत नाही, हे जर्नलवर सही घेण्याआधी मला लिहून पाठव.

तुझे,
आजोबा