डोंगराआड

१९८६ साली आलेला पहिला 'द लेजंड ऑफ झेल्डा' सुरू होतो तेव्हा पडद्यावर एक पोरगा, थोडी मोकळी जागा आणि काळ्या तोंडाची एक गुहा. कुठे जायचं, कुणी सांगत नाही. गुहेत डोकावलात तर एक म्हातारा लाकडी तलवार देतो. नाही डोकावलात तर जा तसेच, रिकाम्या हातांनी. खेळाचे निर्माते शिगेरू मियामोतो पोरवयात क्योतोजवळच्या सोनोबेच्या रानात भटकायचे, कंदील घेऊन गुहेत शिरायचे. हा खेळ त्याच भटकंतीतून आला. रानात पाट्या नसतात.

भटकंतीला वेग नसतो, ओढ असते.

मालिका वयात आली तशी काळजी करू लागली. १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये नावी नावाची परी कानाशी घोंगावते, 'ऐक, ऐक' करत. २०११च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मधली फाय तर रिमोटची बॅटरी उतरत आल्याचंही सांगायची. दहा वर्षांनी खेळ नव्याने काढताना तिची बडबड कमी करावी लागली. ज्याचं बोट सतत धरलेलं असतं, त्याला वाट आठवत नाही.

संथपणाला मात्र नावं ठेवू नयेत. २००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये सुरुवातीला बकऱ्या हाकायच्या, मासा धरायचा, रुसलेल्या मांजरीला घरी आणायचं. तलवार त्यानंतर. पुष्कळजण कंटाळले. मला त्या बकऱ्या आवडल्या. गाव आधी आपलं झालं, तरच ते सोडताना काही वाटणार. संथ असणं वेगळं आणि अडवून ठेवणं वेगळं, फाय अडवायची.

'विंड वेकर'मध्ये समुद्र. नकाशावर सात बाय सात, एकोणपन्नास चौकोन, प्रत्येकात किमान एक बेट. दोन बेटांच्या मध्ये पाणी, आकाश, शिडात भरलेला वारा. 'काहीच घडत नाही,' ही लोकांची तक्रार. २०१३च्या नव्या आवृत्तीत चपळ शीड मिळालं. मीही ते हौसेनं लावलं. समुद्र लहान झाला.

मग २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज घ्यायला खेळाच्या जमिनीवर क्योतोचा नकाशा ठेवून पाहिला. ज्या शहरात पाय रोज चालतात, तिथलं लांब-जवळ पायांनाच ठाऊक असतं. आणि भूप्रदेश रचला तो त्रिकोणांचा: मोठे डोंगर, मधल्या टेकड्या, लहान खडक. त्रिकोण दोन कामं करतो. पलीकडचं झाकतो, आणि विचारतो, चढतोस की वळसा घालतोस? वळसा घातला की आडचं हळूहळू उघडं पडतं: आधी धूर, मग छप्पर, मग माणसं. बाण दाखवून जे जमलं नाही, ते झाकून जमलं.

या जगात नऊशे कोरोक बिया लपवल्या आहेत. सामानाच्या पिशव्या पूर्ण वाढवायला त्यातल्या ४४१ पुरतात. उरलेल्या कशाला? प्रत्येकाला आपापल्या वाटेवर काही ना काही सापडावं म्हणून. हट्टानं सगळ्या नऊशे गोळा केल्याच, तर बक्षीस म्हणून सोनेरी शेणाच्या गोळ्यासारखं काहीतरी हाती ठेवतात. इतकी नेमकी थट्टा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही.

आणि पाऊस. कडा अर्धा चढून झालेला असतो, दम संपत आलेला असतो, वरची कड दिसत असते, आणि थेंब पडू लागतात. दगड ओला. हात सुटतो, दोन हात खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. खेळाडू पावसाला शिव्या घालतात, मीही घातल्या. एकदा वैतागून खाली उतरलो, पुढे आलेल्या एका खडकाखाली शिरलो, लाकडं टाकून चकमकीनं जाळ केला. समोर गवत एका बाजूला झुकलेलं, दूरवर वीज. ज्या मनोऱ्यासाठी चढत होतो तो ढगात गेलेला. उजवीकडे, आधी न दिसलेल्या घळीत, काहीतरी निळसर चमकत होतं.

पाऊस थांबायची वाट न पाहता मी तिकडे निघालो.