आर्ट्‌सवाल्यांचं विज्ञान

अकरावीला आर्ट्‌स घेतलं की आमच्या कॉलेजात गणित मिळतं, बायोलॉजी नाही. बारावीनंतर सायन्सवाले बीएला येतात. आम्हाला बीएस्सी बंद. तेही ठीक, पाया लागतोच.

पण वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे १९७६ साली घटनेच्या कलम ५१अ मध्ये प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून आलं. तिथे शाखा विचारलेली नाही. मग कर्तव्य माझ्यावर ठेवून सोळाव्या वर्षी वर्ग काढून घेणं न्याय्य कसं? आजीचं इन्सुलिन रोज मीच देते. ‘यूट्यूबवर बघ,’ म्हणतात. कारल्याच्या रसाने शुगर कायमची जाते, हेही काकूंनी तिथेच पाहिलंय! मला ‘नीट’ द्यायची नाही, जर्नल नको, मार्कही नकोत. मागच्या बाकावर बसू दिलं तरी चालेल.