ऐकलंस खूप, बोललास किती?

वही कुठे आहे तुझी? मोबाईल नको काढूस, त्यात काय आहे ते मी पाहिलंय. पाच चॅनेल, प्रत्येकाचे पहिले तीन-चार धडे, आणि पुढे कुठेच बोट गेलेलं नाही. पाच शिक्षकांनी तुला पाच वेळा 'चाओ' शिकवलं, 'कोमे स्ताय' शिकवलं, आणि पाचही वेळा तू काही नवीन कळल्यासारखी मान हलवलीस. 'काल आम्ही बाजारात गेलो' एवढं एक वाक्य इटालियनमध्ये सांग म्हटलं, तर तोंडातून शब्द फुटत नाही. न येणं हा गुन्हा नाही. पण मी इटालियन शिकतोय असं तू घरी सांगून बसलास, आणि रिसोडात तुझे वडील चार माणसांत अभिमानानं तेच सांगतात. त्यांच्या हातात तू काय ठेवणार आहेस? पाहिलेल्या व्हिडिओंची यादी?

कारणं सांगू नकोस. नेट जातं, लाइन जाते, सोयाबीन सोंगायला घरी जावं लागतं, सगळं खरं आहे. ज्या दिवशी तू शेतात होतास त्या दिवसाचा जाब मी विचारत नाही. ज्या रात्री नेट होतं, लाइन होती, हातात दुसरं काम नव्हतं, त्या रात्रीचा विचारतोय. त्या रात्री तू कानाला इअरफोन लावून आडवा झालास, दोन तास पाहिलंस आणि एक ओळ लिहिली नाहीस. धुऱ्यावर बसून दुसऱ्याचं वखर पाहिल्यानं आपल्या वावरात पेरणी झाली, असं तुझ्या गावात कुणी ऐकलंय का?

व्हिडिओ वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. 'ईझी इटालियन'वाले रस्त्यावरच्या माणसांना थांबवून बोलतं करतात, खाली इटालियन आणि इंग्रजी दोन्ही ओळी देतात. अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजनं अख्खा इटालियनचा अभ्यासक्रम एडेक्सवर ठेवलाय. वाशीमच्या एका खोलीत बसून हे मिळतंय ही लहान गोष्ट नाही, आणि म्हणूनच तुझा हा आळस मला सहन होत नाही.

फुकटच्या धड्यांतून माणसं खरोखर शिकतात का, असं तू मला परवा विचारलंस. शिकतात. आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण इटलीचंच आहे, जे तुझ्या पाचही चॅनेलवाल्यांपैकी एकाकडूनही तू ऐकलं नसशील, कारण तू चौथ्या धड्याच्या पुढे गेलाच नाहीस. 1861 मध्ये इटली एक देश झाला तेव्हा त्या देशात इटालियन बोलणारी माणसं अगदी मूठभर होती, बाकी सगळे आपापल्या बोलीत बोलायचे. त्यानंतर शंभर वर्षं झाली तरी लाखो प्रौढांना वाचता-लिहिता येत नव्हतं. तेव्हा इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीनं, राईनं, 1960 च्या नोव्हेंबरात एक कार्यक्रम सुरू केला. नाव होतं 'नॉन ए माय त्रोप्पो तार्दी', म्हणजे शिकायला कधीच फार उशीर झालेला नसतो. शिकवणारे होते आल्बेर्तो मान्झी, प्राथमिक शाळेचे शिक्षक, ज्यांनी त्याआधी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलांना शिकवलं होतं. मोठा कागद लावायचा, हातात कोळसा घ्यायचा, आणि चित्र काढता काढता अक्षर उमटवायचं. 1968 पर्यंत हा वर्ग चालला. त्याच्या आधारानं सुमारे चौदा लाख प्रौढांनी प्राथमिक शाळेचं प्रमाणपत्र मिळवलं असं तिकडे सांगतात.

आता नीट ऐक. ती माणसं घरी लोळून ते पाहत नव्हती. घरात टीव्ही होताच कुणाकडे? गावोगाव ठिकाणं ठरवलेली होती, तिथे संच ठेवलेला होता, आणि संचाशेजारी एक जिवंत शिक्षक उभा होता. मान्झींनी पडद्यावर अक्षर काढलं की समोरच्या बाकावरचा शेतकरी ते आपल्या वहीत काढायचा, आणि शेजारचा शिक्षक वाकून पाहायचा की बरोबर आलंय की नाही. शेवटी परीक्षा होती. पडदा, वही, चूक दाखवणारा माणूस आणि परीक्षा. या चारांतलं तू फक्त पहिलं घेतलंस आणि बाकी तीन सोडून दिलेस, कारण पहिल्याला कष्ट पडत नाहीत.

आणि तुझा दुसरा अपराध मला जास्त लागतो. तू इटालियन शिकतोस इंग्रजीतून आणि हिंदीतून. घरात असलेलं मराठीचं धन तुला दिसलंच नाही. 'तुत्तो' म्हणायचं तिथे तू 'टुट्टो' म्हणतोस. इटालियन माणूस त आणि द म्हणताना जीभ दाताला लावतो, अगदी तुझी आई लावते तशी. इंग्रजी ऐकून ऐकून तू तुझा चांगला त टाकलास आणि उसना ट घेतलास. इंग्रजीतून शिकवणारे 'मि पियाचे' समजावताना घाम गाळतात. इंग्रजी माणसाला ते उलटं वाटतं, कारण त्याच्या भाषेत आवडणारा माणूस कर्ता असतो. तुला काय समजावायचंय त्यात? मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. मि पियाचे इल लिब्रो, मि पियाच्चोनो इ लिब्री. पुस्तक एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, आणि ज्याला आवडतं तो बाजूला चतुर्थीत बसलेला. आईच्या मांडीवर शिकलास ते. तरी तू तो वीस मिनिटांचा व्हिडिओ इंग्रजीत पाहिलास आणि मला म्हणालास, सर, हे फार अवघड आहे.

भूतकाळ घे. 'आम्ही गेलो' याचं स्यामो आन्दाती. मुलगा 'सोनो आन्दातो' म्हणेल, मुलगी 'सोनो आन्दाता'. तो गेला, ती गेली. फरक काय आहे? मी भात खाल्ला आणि मी भाकर खाल्ली, इथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्याकडे बघतं. इटालियनमध्ये कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की हेच होतं: पाव असेल तर 'लो मांजातो', सफरचंद असेल तर 'लो मांजाता', कारण सफरचंद त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. सकर्मक, अकर्मक, कर्तरी, कर्मणी हे आठवीत तुला शिकवलं तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत होतास. याचा उपयोग काय, असं विचारायचास. हा उपयोग.

जोडाक्षरांचंही तेच. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'सेते' म्हणजे तहान, 'सेत्ते' म्हणजे सात. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला हे अवघड जाऊ नये. आणि तू तर वाशीमला शिकतोस! हे वत्सगुल्म आहे, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट चौथ्या शतकातला आहे. त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. संस्कृताचं प्राकृत होताना दोन वेगळी व्यंजनं एकमेकांना चिकटून एकच दुप्पट व्यंजन झालं: सप्तचं सत्त, रात्रिचं रत्ति, दुग्धचं दुद्ध. लॅटिनचं इटालियन होताना नेमकं हेच झालं. सेप्तेमचं सेत्ते, नोक्तेमचं नोत्ते, लाक्तेमचं लात्ते. एकाच मूळ भाषेतून हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन बहिणी वेगवेगळ्या देशांत एकच वळण घेतात, आणि त्यातल्या एकीची साक्ष तू शिकतोस त्या गावच्या मातीतून निघते. हे कळून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्यानं भाषेच्या वाटेला जाऊच नये.

इथून तासाभराच्या वाटेवर कारंजा आहे. तिथल्या जैन ग्रंथभांडारांत अपभ्रंशाच्या पोथ्या शतकानुशतकं बासनात पडून होत्या. प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' 1931 मध्ये संपादून छापलं, अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या हिरालाल जैनांनी पुढचे ग्रंथ काढले. ती भाषा बोलणारा एकही माणूस जिवंत नव्हता. पाठ जुळवायचे, व्याकरण पाहायचं, शंका आली की दुसऱ्या जाणकाराला पत्र लिहायचं. आणि त्याच्याही आधी इटलीच्या उदिने गावचा लुइजी पिओ तेस्सितोरी नावाचा मुलगा फ्लॉरेन्समध्ये बसून संस्कृत, प्राकृत आणि जुनी राजस्थानी शिकत होता. हिंदुस्थान त्यानं पाहिलेलाही नव्हता. त्यानं जैन मुनी विजयधर्मसूरींशी पत्रव्यवहार धरला. 1914 मध्ये तो इकडे आला तेव्हा जुन्या पश्चिमी राजस्थानीचं व्याकरण लिहिण्याइतकी तयारी करून आला होता. 1919 मध्ये बिकानेरला वारला, तेव्हा बत्तीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तो तुझ्यापेक्षा हुशार होता म्हणून हे झालं असं म्हणून सुटू नकोस. त्याला शंका आली की तो लिहायचा, विचारायचा. तुला शंका आली की तू पुढचा व्हिडिओ लावतोस.

तू म्हणशील, मला पंडित व्हायचं नाही, मला मिलान किंवा पादोव्याला शिकायला जायचंय, आणि तिथले अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. असतील. पण तू उतरल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो, मग बोटांचे ठसे द्यायला क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस कचेरीत जावं लागतं. तिथल्या खिडकीवरचा माणूस तुझ्या इंग्रजीची वाट पाहत बसलेला नसतो. घरमालकाचा करार इटालियनमध्ये असतो, त्यावर सही तुझी असते. तुझी मैत्रीण आयमॅट ही प्रवेश परीक्षा देऊन तिकडे इंग्रजीतून डॉक्टरकी करायचं म्हणते. तिलाही सांग, पुस्तक इंग्रजी असलं तरी खाटेवरची म्हातारी 'पोटात कुठे दुखतं' हे इटालियनमध्येच सांगणार. तिथल्या प्रांतांच्या शिष्यवृत्त्या घरच्या उत्पन्नावर मिळतात म्हणून तू आशेवर आहेस, चांगलं आहे. पण पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळवले नाहीत तर ती हातची जाते, आणि मग सोयाबीनच्या पैशांतून तिथलं भाडं कोण भरणार? आणि इटालियनमधूनच पदवी करायची म्हटलं तर बी-2 पातळी लागते. सिएनाची चिल्स किंवा पेरूजाची चेली परीक्षा घे, त्यात लिहावंही लागतं आणि परीक्षकासमोर बसून बोलावंही लागतं. मान डोलावण्याला तिथे गुण नाहीत.

परवा तू त्या विद्यापीठाला पाठवलेलं पत्र मला दाखवलंस. सुरुवातीला 'चाओ', आणि पुढे प्राध्यापकाला 'तू' करून सगळी क्रियापदं. ॲपनं लिहून दिलं म्हणालास. मोठ्या माणसाला त्यांच्याकडे 'लेई' म्हणतात, आणि त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी येतं. इथे तू माझ्याशी 'तुम्ही' बोलतोस, बसस्टँडवर अनोळखी म्हाताऱ्याला 'बाबा' म्हणतोस. एवढी रीत असलेला मुलगा दुसऱ्या देशात जाऊन पहिल्याच ओळीत उद्धट ठरतो, तेही स्वतः न वाचता पाठवलेल्या पत्रामुळे. मला त्याची लाज वाटली.

आता काय करायचं ते ऐक. चार चॅनेल आज काढून टाक. एक ठेव, कुठलंही, आणि ते शेवटापर्यंत ने. धडा पहिल्यांदा खालच्या ओळी झाकून ऐक. मग थांबव, जे ऐकलं ते लिही, मग ओळी उघडून आपल्या हातानं चुका खोड. त्या धड्यातली पाच वाक्यं तुझ्या घरची कर: विहीर, बैल, बाजार, आजी, वाशीमची गाडी. परक्या घरातल्या वाक्यांना जिभेवर घर मिळत नाही. ती मोठ्यानं म्हण, मोबाईलवर तुझाच आवाज भर आणि ऐक. तो ऐकवत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच ऐक.

एकट्यानं हे टिकत नाही, तेही खरं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं 2019 मध्ये मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकाल? मुलं म्हणाली, जपानी, कारण त्यांना रोबोटचं वेड होतं. शिक्षकांकडे पुस्तक नव्हतं, माणूस नव्हता. व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवरच सुरुवात झाली. मग शहरातला एक जपानीचा जाणकार फुकट शिकवायला तयार झाला आणि ऑनलाइन तास सुरू झाले. सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते. म्हणून ज्यांनी तास ऐकला त्यांनी गावातल्या इतर पोरांना शिकवायचं, असं शाळेनं ठरवलं. चौथी ते आठवीची लेकरं होती ती. तुझ्याकडे आख्खा फोन आहे आणि तू पदवीच्या वर्गात आहेस.

अकरावीच्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या, त्यांनाही इटालियन शिकायचंय. सोमवारपासून कॉलेज सुटल्यावर त्यांना एक ते शंभर आकडे, 'एस्सेरे' आणि 'आवेरे' ही दोन क्रियापदं तू शिकवायचीस, मराठीतून, फळ्यावर लिहून. मी मागच्या बाकावर बसेन. मी इटालियनचा जाणकार नाही, पण क्रियापद घसरलं की मला ऐकू येतं, आणि ते मी त्यांच्यासमोरच सांगेन. रविवारी गावाला जाऊ नकोस, तयारी करावी लागेल.