क्षौराची मर्यादा

चेहऱ्यावरील केस किती खोलवर काढले म्हणजे ते खरोखर काढले गेले असे मानावे, हा प्रश्न वरवर पाहता आरशासमोरचा वाटतो. परंतु जैन आचारशास्त्रात तो व्रताच्या पूर्णतेचा प्रश्न म्हणून फार पूर्वीपासून विचारात घेतला गेला आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे गाव या विचाराशी दोन बाजूंनी जोडलेले आहे. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन शाखांची मंदिरे येथे आहेत, आणि येथील ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला विसाव्या शतकात मोठा आधार मिळाला. येथे 1918 साली महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली, त्यामुळे व्रत आणि शिक्षण यांचा संबंधही या गावाला नवा नाही.

दिगंबर मुनीचे 28 मूलगुण, म्हणजे ज्यांच्यावाचून मुनिपद सिद्धच होत नाही असे आचारनियम, सांगितले जातात, आणि केशलोच हा त्यांतील एक आहे. लोच म्हणजे डोक्याचे, दाढीचे व मिशांचे केस वस्तरा किंवा कात्री न वापरता हाताने उपटून काढणे. बोटांची पकड सुटू नये म्हणून राखेचा वापर करतात. वट्टकेर आचार्यांच्या ‘मूलाचार’ या ग्रंथानुसार दोन महिन्यांनी केलेला लोच उत्कृष्ट, तीन महिन्यांनी केलेला मध्यम आणि चार महिन्यांनी केलेला जघन्य, म्हणजे किमान मान्य, समजावा. शिवाय तो प्रतिक्रमणासह, म्हणजे घडलेल्या दोषांची कबुली देऊन त्यांपासून मागे फिरण्याच्या विधीसह, उपवासाच्या दिवशी करावा. या कठोर नियमामागील युक्तिवाद सुसंगत आहे. केस वाढू दिले तर त्यांत उवा होतात आणि त्यांच्या हिंसेचा दोष लागतो. वस्तरा बाळगला तर तो परिग्रह, म्हणजे मालकीची वस्तू, ठरतो. आणि न्हाव्याकडे जावे तर याचना व परावलंबन पदरी येते. उरतो तो स्वतःचा हात, आणि त्या हाताने दिलेली वेदना शांतपणे सोसण्याची तयारी.

सेफ्टी रेझरने या युक्तिवादातील एक दुवा सैल केला आहे, ही गोष्ट आचारधर्माचा विचार करणाऱ्यांनी गंभीरपणे लक्षात घ्यायला हवी. 1903 पासून गिलेटचे पातळ, दुधारी, बदलता येणारे पाते बाजारात आले आणि ज्याला वस्तरा चालवण्याचा सराव नाही त्यालाही आपली दाढी आपण करणे शक्य झाले. म्हणजे याचनेचा आक्षेप गेला, परंतु पाते संपले की नवे घेणे आलेच, त्यामुळे परिग्रहाचा आक्षेप जागच्या जागी राहिला. याच चिंतेतून बौद्ध संघाने अगदी वेगळे उत्तर काढले होते. भिक्षूला ज्या आठ वस्तू जवळ ठेवता येतात, त्यांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्या बरोबरीने वस्तराही मोजलेला आहे. एका परंपरेने वस्तू नाकारली, दुसरीने तिची संख्या ठरवून दिली. श्वेतांबरांच्या ‘कल्पसूत्रा’तील सामाचारी या आचारविषयक भागातही लोचाबरोबर वस्तरा व कात्री यांची वाट मोकळी ठेवलेली आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण त्यावरून जैन विचाराने माणसामाणसांच्या शक्तीतील फरक किती आपुलकीने जाणला होता ते दिसते.

पात्याने दाढी करताना खरी परीक्षा होते ती गालांवर नव्हे, तर हनुवटीचा खळगा, जबड्याची कड, कंठमण्याभोवतीची सैल कातडी आणि नाकाखालची अरुंद जागा येथे. या ठिकाणी केसांचा रोख एकसारखा नसतो. मानेवर तर तो काही बोटांच्या अंतरात बदलतो किंवा भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे एकाच दिशेने ओढलेले पाते कुठे केसांच्या बाजूने तर कुठे त्यांच्या विरुद्ध जाते. म्हणून जाणकार माणूस आधी बोटांनी चाचपून केसांचा रोख पाहतो, कातडी ताणून सपाट करतो, वरचा ओठ दातांवर ओढून घेतो, पाते कातडीशी सुमारे 30 अंशांचा कोन ठेवून लहान लहान फटक्यांनी फिरवतो, आणि जोर न देता रेझरच्या वजनालाच काम करू देतो. पहिल्यांदा रोखाच्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसऱ्यांदा आडव्या दिशेने फिरवल्यावर जे खुंट उरतात, ते काढण्यासाठी उलट्या दिशेने वारंवार हात चालवला, तर केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि त्या जागी दुखरी पुटकुळी येते. अधिक गुळगुळीत होण्याचा हट्ट कातडीलाच जखमी करतो, ही बाब नीतिविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पाते केस कातडीपाशी कापते, लोच तो मुळासकट उपटतो. तरीही केस घडवणारा जिवंत भाग कातडीत शिल्लक असल्याने दोन्हींनंतर केस पुन्हा येतातच, आणि म्हणूनच ‘मूलाचारा’ला महिन्यांचे वेळापत्रक द्यावे लागले. देहाच्या पातळीवर मुंडन कधीच पूर्ण होत नाही. रामसिंह मुनींच्या ‘पाहुडदोहा’ या अपभ्रंश रचनेत हा विचार अत्यंत धारदारपणे मांडलेला आहे: डोके मुंडून चित्त मुंडले नाही तर संसार तुटत नाही, अशा आशयाचा उपदेश त्यात मुंडन केलेल्यांनाच उद्देशून केला आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला हा ग्रंथ 1933 साली कारंजाच्याच ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. मुनीच्या मुंडनावर इतकी कठोर टीका करणारे वचन एका मुनीचेच असावे आणि भट्टारकपीठाच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या गादीच्या, गावाने ते श्रद्धेने छापावे, यात या परंपरेचे आत्मपरीक्षणाचे बळ दिसते.

मात्र या वचनाचा अर्थ बाह्य क्रिया निरर्थक आहे असा घेणे योग्य होणार नाही. जैन विचारात मुनीची महाव्रते आणि गृहस्थाची अणुव्रते, म्हणजे तीच व्रते गृहस्थाला पेलतील अशा लहान मापात, यांत फरक केलेला आहे. गृहस्थाला परिग्रह सोडायला सांगितलेले नाही. त्याची सीमा आपण होऊन ठरवायला सांगितले आहे, आणि भोगोपभोग-परिमाण या व्रतात वापराच्या वस्तूंचीही अशीच मोजणी येते. मुनीच्या कठोर लोचालाही सीमा आहे, कारण तो डोके, दाढी व मिशा यांपुरताच असून उर्वरित देहाला लागू नाही. यावरून असे म्हणता येते की गृहस्थाने रेझर हाती घेताना लोचाच्या संपूर्णतेची नक्कल करण्याचे कारण नाही. आडव्या फिरवणीनंतर कंठमण्याखाली जो खरखरीतपणा बोटाला लागतो, तो तसाच ठेवून चेहरा धुणे आणि तुरटी फिरवणे हेही परिमाणाचेच आचरण आहे. आणि तो खरखरीतपणा दुसऱ्या कुणाच्या नजरेला दिसत नसताना तो सहन न होणे, हा चित्तातील परिग्रह आहे, ज्यावर ‘पाहुडदोह्या’चा आघात मुनीइतकाच गृहस्थावरही होतो.